जुन्या ग्राफिक्स कार्डावर रुंद मॉनिटर नीट कसा चालवायचा

नवीन रुंद मॉनिटर जोडला, पीसी चालू केला आणि सगळं आडवं ताणलेलं, गोल आयकॉन अंड्यासारखे, अक्षरं फुगलेली आणि वर जरा धूसर पण. लगेच मनात येतं की कार्ड जुनं झालं, बदलायला पाहिजे. थांबा जरा. डेस्कटॉपपुरतं बोलायचं तर दहा-पंधरा वर्षं जुनं कार्डसुद्धा १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, आरामात दाखवतं. हिशोब करून बघा ना, एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर अख्खी स्क्रीन ८ एमबीच्या आसपास मेमरी खाते, आणि ६४ एमबीच्या कार्डाला तर आपण आता अँटिक म्हणतो. म्हणजे कार्डाच्या ताकदीचा प्रश्न नसतोच बहुतेक वेळा, समोर कुठला मॉनिटर बसलाय हेच त्याला कळत नसतं किंवा मधली केबल घोळ घालत असते.

आधी ड्रायव्हर बघा, म्हणजे विंडोजला कार्डाशी बोलायला लागणारा प्रोग्राम. डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टरखाली काय लिहिलंय ते वाचा, तिथे कार्डाचं नाव नसून मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं असेल तर पुढचं काहीच करू नका, आधी खरा ड्रायव्हर टाका. जुन्या कार्डांचे ड्रायव्हर आपोआप येतीलच असं नाही, कंपनीच्या साइटवर लेगसी विभागात शोधावे लागतात. उदाहरणार्थ जीफोर्स ८, ९ आणि २०० सिरीजसाठी विंडोजवर ३४२.०१ हा शेवटचा, त्याच्यापुढचा टाकायला गेलात तर इन्स्टॉलर कार्डाला ओळखच देणार नाही. आणि ते एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे प्रोग्राम असतात ना, त्यांच्या नादी लागू नका प्लीज.

ड्रायव्हर आला की डिस्प्ले सेटिंग्जमधल्या यादीतून मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन, म्हणजे आडवे बाय उभे पिक्सेल, निवडायचं. ते मॉनिटरच्या पुस्तिकेत असतं, नाहीतर मॉडेल नंबर टाकून शोधा. जुन्या १९ इंची रुंद मॉनिटरचं बहुधा १४४० बाय ९००, २२ इंचीचं १६८० बाय १०५० किंवा १९२० बाय १०८०. यादीत ते दिसत नसेल तर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधून अडॅप्टर प्रॉपर्टीजमध्ये जा आणि लिस्ट ऑल मोड्स दाबा, कधीकधी तिथे सापडतं. १३६६ बाय ७६८ वाल्यांना एक वेगळाच त्रास असतो, बऱ्याच जुन्या कार्डांना रुंदी ८ ने भाग जाणारी लागते आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून यादीत १३६० बाय ७६८ दिसतं. तेच घ्या, ६ पिक्सेलसाठी डोकं फोडण्यात अर्थ नाही.

तरीही हवं ते रिझोल्यूशन येत नसेल तर केबल. मॉनिटर स्वतःची माहिती कार्डाला पाठवतो, त्याला ईडीआयडी म्हणतात, मूळ माहिती फक्त १२८ बाइटची असते. व्हीजीए, म्हणजे तीन ओळींत पिना असलेल्या जुन्या केबलमध्ये ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली, तीनदा ड्रायव्हर काढून टाकला, शेवटी वैतागून केबल उपटली आणि टॉर्च मारून बघितलं तर पिनांच्या तीन ओळींपैकी अरुंद बाजूच्या ओळीत एका टोकाची पिन नाही आणि दुसऱ्या टोकाकडून दुसरी पण नाही. तुटलेली नव्हती, मुळातच बसवली नव्हती! चित्र व्यवस्थित येत होतं म्हणून केबलवर संशयच आला नाही. दुसरी केबल लावली आणि १६८० बाय १०५० आपोआप यादीत हजर. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन मात्र बऱ्याच चांगल्या केबलीतही नसते, तिच्यावरून केबल फेकून देऊ नका. एका स्क्रीनवर दोन पीसी चालवायचा स्विच मध्ये असेल तर तोही काढून बघा, काही स्विच ही माहिती अडवतात.

शक्य असेल तर व्हीजीए सोडून डीव्हीआय ही डिजिटल जोडणी वापरा, अक्षरं धारदार होतात. कार्डावर डीव्हीआय आणि मॉनिटरवर एचडीएमआय असेल तर साधी केबल चालते, पण कार्डावर फक्त व्हीजीए असेल तर मध्ये खरोखरचा कन्व्हर्टर लागतो, नुसतं टोक बदलून काही होत नाही. एचडीएमआयवर चित्राच्या कडा कापल्या गेल्या किंवा चारी बाजूंनी काळी पट्टी आली तर कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतंय, ड्रायव्हरमधला ओव्हरस्कॅनचा स्लायडर शून्यावर आणा.

आता खरी गंमत. सिंगल लिंक डीव्हीआयला, म्हणजे कमी पिनांच्या साध्या डीव्हीआयला, १६५ मेगाहर्ट्झची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला साडेसोळा कोटी पिक्सेल. १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवताना, लागतात साडेबारा कोटीच्या आतबाहेर, मग अडतं कुठे? तर सिग्नलमध्ये दिसणाऱ्या पिक्सेलसोबत मोकळी जागा पण जाते. जुन्या डब्बा मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ संपवून परत मागे यायला वेळ घ्यायचा, ती सोय अजून टायमिंगमध्ये तशीच आहे. त्या जुन्या हिशोबाने १९२० बाय १०८० ला १७३ मेगाहर्ट्झ लागतात, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. एलसीडीत झोतच नाही तर वेळ कशाला द्यायचा, म्हणून रिड्यूस्ड ब्लँकिंग नावाचं टायमिंग आहे, त्यात तेच काम १३८.५ मध्ये होतं. १९२० बाय १२०० चं पण तसंच, १९३ वरून १५४ वर येतं. त्यामुळे यादीत नसलेलं रिझोल्यूशन स्वतः, म्हणजे कस्टम रिझोल्यूशन बनवताना टायमिंगच्या यादीत ऑटोमॅटिक न ठेवता सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक निवडा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये हे आहे, एएमडीवाल्यांनी कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, म्हणजे सीआरयू वापरावं, फुकट आहे. सीआरयूसोबत रीसेट ऑल नावाची फाइल येते ती आधीच डेस्कटॉपवर काढून ठेवा, स्क्रीन काळी झाली तर सेफ मोडमध्ये जाऊन तीच चालवायची असते. लिनक्सवर सीव्हीटी कमांडला आर हा पर्याय देऊन मोडलाइन, म्हणजे टायमिंगच्या आकड्यांची ओळ काढायची आणि एक्सरँडआर या कमांडने ती जोडायची, पण रीस्टार्टनंतर जाते, म्हणून स्टार्टअपमध्ये टाकून ठेवा.

२५६० बाय १०८० वाला खूपच रुंद मॉनिटर असेल तर रिड्यूस्ड ब्लँकिंगवर पण १८१ लागतात, सिंगल लिंकमध्ये बसत नाही. दोन उपाय आहेत. मॉनिटरलाही ड्युअल लिंक डीव्हीआय असेल तर केबल तशी घ्या, कार्डावरचं पोर्ट बहुधा ड्युअल असतंच आणि केबलच कंजूष असते, टोकाकडे बघा, मधल्या सहा पिनांची जागा रिकामी असेल तर सिंगल. नाहीतर ५० हर्ट्झवर बनवा, मग १५० मध्ये भागतं, मॉनिटरने मान्य केलं म्हणजे झालं. ऑफिसच्या कामाला ५० हर्ट्झ पुरे, माउस थोडा जड वाटतो एवढंच.

व्हीजीएवरच राहावं लागणार असेल तर ऑटो अ‍ॅडजस्टचं बटण दाबायच्या आधी बारीक अक्षरांचं पान फुल स्क्रीन करा, रिकाम्या काळ्या वॉलपेपरवर दाबलंत तर मॉनिटरला कडाच सापडत नाहीत आणि चित्र बाजूला सरकतं.

गेमचं मात्र कार्डाच्या ताकदीवरच आहे, तिथे वर सांगितलेलं काही कामाला येत नाही. १०२४ बाय ७६८ मध्ये ७ लाख ८६ हजार पिक्सेल, १९२० बाय १०८० मध्ये २० लाख ७३ हजार, म्हणजे अडीचपटीहून जास्त काम, कार्ड धापा टाकणारच. गेममध्ये १२८० बाय ७२० ठेवा, ९ लाख २१ हजारात भागतं आणि आकार रुंदच राहतो. जो जुना गेम रुंद स्क्रीन ओळखतच नाही त्याच्यासाठी ड्रायव्हरमध्ये स्केलिंगला मेंटेन आस्पेक्ट रेशो करा, दोन्ही बाजूला काळे पट्टे येतील पण हिरो जाडा दिसणार नाही. ड्रायव्हरमध्ये ते नसलं तर मॉनिटरच्या मेनूत आस्पेक्ट नावाचं काहीतरी असतं, तिथे ४:३ करा आणि गेम संपला की परत आणायला विसरू नका, मी दोनदा विसरलोय आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर पुन्हा टाकून मोकळा झालोय.