नाशिक, पिंपळगाव, वाशी: तीन ठिकाणचे इंटरकॉम एकमेकांना कसे जोडायचे

माझं एक जुनं गिऱ्हाईक द्राक्षांच्या निर्यातीत आहे. ऑफिस नाशिकला, पॅकहाउस पिंपळगाव बसवंतला आणि निर्यातीत न बसणारा माल विकायला वाशीच्या बाजारात एक गाळा. तिन्हीकडे ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, पण तिन्ही वेगवेगळ्या वर्षी घेतलेले, वेगवेगळ्या कंपन्यांचे. हंगामात कुणी नाशिकला फोन करून विचारलं, "गाडी सुटली का?" की ऑपरेटर म्हणायची, "पिंपळगावचा नंबर लिहून घ्या, तिकडे लावा." समोरचा माणूस नंबर लिहायचा आणि पुन्हा लावायचा, तोवर वजनकाट्यावरचा फोन दुसऱ्याच कुणाशी अडकलेला असायचा.

"आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, मग हे कशाला?" असं मला नेहमी विचारतात. मोबाइल माणसाचा असतो, इंटरकॉम जागेचा. वजनकाट्यावरची पाळी बदलली की मोबाइल त्या माणसाच्या खिशातून घरी जातो. ३१२ नंबरचा इंटरकॉम मात्र काट्याजवळच राहतो, तिथे जो कुणी उभा असेल तो उचलतो. जोडणीतून मिळवायचं ते एवढंच: कुठल्याही टेबलावरून कुठल्याही जागेला तीन आकडे दाबून बोलता यावं.

सुरुवात यंत्रांपासून करू नका, वहीपासून करा. तिन्ही ऑपरेटरना आठवडाभर लिहायला सांगा की दुसऱ्या ठिकाणचं किती जणांनी मागितलं, आणि एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण बोलत होते. आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमारास एका वेळी पाच कॉल निघाले. मालकांना वीस वाटत होते. या एका आकड्यावर पोर्ट (लाइन जोडायच्या जागा) किती, इंटरनेट किती आणि खर्च किती हे ठरतं.

मग नंबरांची वाटणी. नाशिक आणि पिंपळगाव दोन्हीकडे २०१ पासूनच एक्स्टेन्शन, म्हणजे आतले नंबर, होती, त्यामुळे आधी ती बदलली: नाशिक २००च्या घरात, पिंपळगाव ३००च्या, वाशी ४००च्या. ० आणि ९ बहुतेक ईपीएबीएक्समध्ये ट्रंकसाठी (बाहेरच्या लाइनसाठी) किंवा ऑपरेटरसाठी धरलेले असतात, त्यांना हात लावू नका. १ ने सुरू होणारं एक्स्टेन्शन तर अजिबात देऊ नका, कारण ११२, १०१, १०८ हे नंबर तिथेच अडकतील. नंबर बदलताना लोक कुरकुर करतात, करू द्या. जोडणी झाल्यावर बदलायला निघालात तर दुप्पट काम पडतं.

आता रस्ता कुठला निवडायचा ते. माझे वडील टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. त्यांच्या काळी दोन ऑफिसं जोडायची म्हणजे खात्याकडून टाय लाइन भाड्याने घ्यायची. नंतर दोन ईपीएबीएक्सच्या मध्ये ३० चॅनेलची पीआरआय, म्हणजे एका वेळी तीस कॉल नेणारी डिजिटल लाइन, टाकायचे. पाच कॉलसाठी तीस चॅनेल घेण्यात अर्थ नाही.

जवळच्या अंतरासाठी फायबर उत्तम. एकाच आवारात दोन इमारती असतील तर तांब्याची केबल हवेतून नेऊ नका. पहिल्या वळिवाला वीज त्या तारेवरून थेट एक्स्टेन्शन कार्डात उतरते. फायबरमध्ये धातूची तार नसेल तर तो प्रश्नच येत नाही. पॅकहाउसपासून दीड किलोमीटरवर त्यांचं कोल्ड स्टोरेज आहे आणि मध्ये दुसऱ्यांची शेतं. तिथे खोदाईची परवानगी कोण देणार? म्हणून ५ गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक बसवली. या बँडचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ पासून परवानामुक्त आहे. पण नुसतं समोरचं टोक दिसलं म्हणजे झालं असं नाही. दीड किलोमीटरच्या लिंकला मधोमध सरळ रेषेच्या भोवती सगळ्या बाजूंनी निदान तीन मीटर मोकळं लागतं. मी ही लिंक उन्हाळ्यात बसवली आणि पावसाळ्यात ती ढासळली, कारण मधलं झाड पालवी फुटून चांगलंच वाढलं होतं. मला खांब वाढवावा लागला. तेव्हापासून मी झाडाची आजची उंची धरत नाही, दोन पावसाळ्यांनंतरची धरते.

लांबच्या ठिकाणांसाठी मुख्य पर्याय तीन. एमपीएलएस किंवा लीज्ड लाइन म्हणजे सेवा कंपनीचा खासगी रस्ता. एमपीएलएसमध्ये आवाजाला वेगळी रांग मागून घेता येते, पण दरमहा भाडं आणि करार. बँक, इस्पितळ असेल तर तेच घ्या. क्लाउड पीबीएक्समध्ये तुमच्याकडे यंत्रच राहत नाही, सगळे फोन इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जोडलेले. नव्या ऑफिसला छान. पण नेट गेलं की गेटवरून आतल्या केबिनला लावलेला फोनही वाजत नाही. पॅकहाउसला हे परवडणारं नाही, म्हणून मी ते नाकारलं. तिसरा पर्याय साध्या ब्रॉडबँडवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेला आपला कुलूपबंद रस्ता; तोच घेतला.

तिन्हीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागत नाही. नाशिकला एक घेतला. पिंपळगाव आणि वाशीचे राउटर वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमने आतून नाशिकला जोडून घेतात आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवत राहतात, म्हणजे मधल्या राउटरमधली वाट बंद होत नाही. ५०६० पोर्ट, म्हणजे राउटरमधलं फोनच्या कॉलचं दार, इंटरनेटवर उघडा ठेवू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात, आणि पासवर्ड कच्चा असेल तर रात्रीतून तुमच्या ट्रंकवरून परदेशी कॉल लागतात. राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे फोनच्या पॅकेटमधले पत्ते स्वतःहून बदलणारी सोय, बंद करा. एका बाजूचा आवाज येतो आणि दुसऱ्याचा येत नाही, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथे असतं.

बँडविड्थचा हिशोब सोपा आहे. जी.७११ या आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीत आवाज ६४ केबीपीएसचा, वेष्टनासकट इथरनेटवर ८७ आणि व्हीपीएनमधून जाताना शंभराच्या वर. पाच कॉलना दोन्ही दिशांनी प्रत्येकी साधारण ६०० केबीपीएस धरा. एवढं कुठेही मिळतं. पण आवाजाला रुंद रस्ता नको असतो, अडथळा नसलेला हवा असतो. पिंपळगावला रोज संध्याकाळी आवाज तुटायचा. शोधलं तर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्याच वेळी क्लाउडवर चढत होतं आणि अपलोड भरून जात होता. फोनच्या पॅकेटना डीएससीपी ४६ ची ("आधी जाऊ द्या" अशी) खूण देऊन राउटरच्या अपलोड रांगेत त्यांना पुढे उभं केलं, कॅमेऱ्यांना मर्यादा घातली, तक्रार संपली. बाहेरचं इंटरनेट ती खूण मानत नाही, पण कोंडी आपल्याच दारात होती, म्हणून तेवढं पुरलं. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, नाहीतर दोघं एकदम बोलायला लागतात.

जुने ईपीएबीएक्स फेकू नका. प्रत्येक ठिकाणी एक गेटवे, म्हणजे ईपीएबीएक्स आणि इंटरनेटच्या मधला दुभाषा डबा, लावा, पण पोर्ट नीट समजून घ्या. एफएक्सएस पोर्ट डायल टोन देतो, म्हणून तो ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टला जोडायचा. इकडून तिकडे जाणारे कॉल त्यातून जातात. एफएक्सओ पोर्ट डायल टोन घेतो, म्हणून तो एक्स्टेन्शन पोर्टला जोडायचा. तिकडून आलेला कॉल त्यातून आत येऊन थेट ३१२ डायल करतो. उलटं जोडलंत तर दोन्ही बाजू एकमेकींची वाट बघत बसतात.

मला सर्वांत जास्त छळलं ते लाइन न सुटण्याने. दोघांनी फोन ठेवले तरी एफएक्सओ पोर्ट धरूनच बसायचा आणि दुपारपर्यंत सगळे पोर्ट भरलेले. गेटवेला फोन ठेवल्याचं कळतं ते बिझी टोनवरून, आणि त्यात परदेशातल्या टोनची मापं भरलेली होती. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. पण ईपीएबीएक्स स्वतःचा टोन देतो, तो निराळा असू शकतो. म्हणून तो मोबाइलवर रेकॉर्ड करा, मोजा आणि तीच मापं गेटवेत भरा.

बाहेरून आलेला कॉल नाशिकची ऑपरेटर पिंपळगावला देते तेव्हा ईपीएबीएक्सच्या दृष्टीने तो ट्रंकवरून ट्रंकवर जातो. ही सोय बहुधा बंद असते, प्रोग्रॅमिंगमध्ये उघडावी लागते. मात्र त्याआधी सेवा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आतल्या आत एक्स्टेन्शन ते एक्स्टेन्शन बोलणं वेगळं, आणि बाहेरचा कॉल आपल्या लिंकवर चढवणं किंवा वाशीच्या ट्रंकवरून बाहेर काढणं वेगळं. तिथे टोल बायपासचे, म्हणजे सेवा कंपनीचा रस्ता चुकवून बाहेरचा कॉल नेण्याविरुद्धचे, नियम लागतात. त्यातून वाशी मुंबई टेलिकॉम सर्कलमध्ये आणि नाशिक-पिंपळगाव महाराष्ट्र सर्कलमध्ये. वाशीच्या ट्रंकवरून बाहेर जाणं मी प्रोग्रॅमिंगमध्येच बंद करून टाकलं.

प्रत्येक ठिकाणची निदान एक स्थानिक लाइन ठेवाच, आणि ११२, १०१, १०८ त्याच लाइनवरून जातील असं प्रोग्रॅमिंग करा. पिंपळगावला अमोनियाची गळती झाली आणि अग्निशमन दलाला फोन नाशिकच्या ट्रंकवरून गेला, तर बंब कुठे निघेल याचा विचार करा. राउटर, फायबरचा डबा, स्विच आणि गेटवे चारही यूपीएसवर घ्या. नुसता ईपीएबीएक्स बॅटरीवर असून लिंक चालत नाही.

हे सगळं द्राक्षांच्या हंगामाआधी, नोव्हेंबरात उरका. शेवटची चाचणी दिवसा, माणसं कामावर असताना घ्या. पिंपळगावच्या राउटरची वायर काढा. गेटवरून केबिनला लावा, वाजला पाहिजे. नाशिकहून ३१२ लावा, गप्प न बसता एंगेज टोन आला पाहिजे. स्थानिक लाइनवरून बाहेर मोबाइलला लावून बघा. मग वायर परत जोडा, घड्याळ लावा, आणि कुणीही काही न दाबता ३१२ पुन्हा किती वेळात वाजतो ते वहीत लिहून ठेवा.