चर्चमधले धोके कसे तपासावेत? खानदेशातल्या मंडळींसाठी

रिकाम्या चर्चमध्ये फिरलात तर सगळं ठीकच दिसेल. म्हणून पाहणी भरल्या उपासनेच्या वेळी करा आणि मग एकदा रात्री, दिवे घालवून. सोबत पाळक, एखादे पंच, वायरिंगचं काम जाणणारा कुणी आणि संडे स्कूल घेणाऱ्या ताई हव्यातच. बायका बसतात त्या बाजूची अडचण पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही.

आधी दारं बघा. बाजूच्या दाराला कुलूप आणि किल्ली भलत्याच घरी, हा प्रकार फार ठिकाणी आढळतो. उपासना चालू असेपर्यंत प्रत्येक दार आतून हाताने उघडलं पाहिजे, शक्यतो बाहेरच्या बाजूला. दारापुढे मोटारसायकली नकोत. म्हाताऱ्या माणसांना कोण बाहेर काढणार, हेही नावानिशी ठरवा.

मग वीज. नाताळची गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) नीट न्याहाळा: सुकं गवत, त्यातून गेलेली दिव्यांची माळ, शेजारी मेणबत्ती, आणि माळ, साउंड सिस्टीम, पंखे सगळे एकाच एक्स्टेन्शनवर. तासाभराने पिनेला हात लावा. गरम लागली तर भार जास्त आहे. मेणबत्ती गवतापासून लांबच ठेवा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली, शॉक बसू लागला की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्या, तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. अग्निशामक सिलिंडर एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा सगळ्या आगींवर चालणारा) घ्या, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा. विजेच्या आगीवर पाणी मारू नका, आधी मेन स्विच बंद करा.

आपल्याकडे उन्हाचा धोका आगीइतकाच धरावा, असं माझं ठाम मत आहे. गुड फ्रायडेची उपासना दुपारी १२ ते ३, महिना मार्च-एप्रिलचा आणि डोक्यावर पत्रे! जळगाव-भुसावळकडे पारा किती चढतो ते सांगायला नको. पाणी, ओआरएस आणि सावलीची जागा तयार ठेवा. कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मुलांबाबत भीड नको. वर्गात दोन मोठी माणसं असावीत; बंद खोलीत एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस, हे कधीच नको, माणूस कितीही ओळखीचा असो. तक्रार आली तर ती आतल्या आत मिटवू नका. पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन, चाइल्डलाइन: १०९८.

दानपेटी नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावी. दाराशी दोन शांत स्वभावाचे स्वयंसेवक ठेवा. कुणी गोंधळ घालायला आलं तर त्यांनी वाद न घालता पोलिसांसाठी ११२ ला फोन लावावा.

सापडलेलं सगळं वहीत लिहा. घडण्याच्या शक्यतेला १ ते ५, नुकसानीला १ ते ५ गुण द्या आणि दोन्हींचा गुणाकार करा. जास्त गुणांचं काम आधी, पण नुकसानीला ५ असेल तर गुणाकार कमी येऊनही ते मागे ठेवू नका. प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव आणि तारीख घाला. हीच वही नाताळाआधी आणि गुड फ्रायडेआधी पंचांच्या बैठकीत उघडा.