काव्य कार्यशाळेला किंवा लेखन शिबिराला निघालात? या चुका टाळा

कविता ऐकवायला जाणं वेगळं आणि कविता दाखवायला जाणं वेगळं. काव्य कार्यशाळांमध्ये जे बिनसतं त्यातलं बरंचसं हा फरक लक्षात न घेतल्यामुळे बिनसतं. आपल्याकडे कविसंमेलनाची सवय जुनी आणि दांडगी आहे. माईक, 'क्या बात है', शाल-श्रीफळ, शेवटी ग्रुप फोटो. त्याच सवयीनं माणूस कार्यशाळेला जातो, वहीतली हमखास दाद मिळवणारी कविता वाचतो, दाद घेतो आणि संध्याकाळी घरी परततो. कवितेतला एक शब्दही जागचा हललेला नसतो. फी गेली, रविवारही गेला.

हे टाळता येतं. त्याची सुरुवात नाव नोंदवण्याआधीच करावी लागते.

पत्रिकेवरची नावं बघून पैसे भरणं

पत्रिकेवर मोठ्या कवीचा फोटो असतो, खाली 'मर्यादित जागा, त्वरा करा' असतं आणि आपण लगेच फॉर्म भरतो. आधी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. शिबिरार्थी किती असतील? प्रत्येकाच्या कवितेवर चर्चा होणार की नुसतीच व्याख्यानं? मार्गदर्शक कविता आधी मागवून वाचणार आहेत का?

हिशेब सरळ आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशी कार्यशाळा धरा. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, जेवण, दोन चहा आणि आभार वजा केले की हातात साडेचार तास उरतात, म्हणजे २७० मिनिटं. पंचेचाळीस जण असतील तर माणशी सहा मिनिटं. त्यातली दोन कविता वाचण्यातच जातात. बारा जण असतील तर माणशी बावीस मिनिटं मिळतात. सहा मिनिटांत कुणाच्याही कवितेचं काही होत नाही, शिकवणारा कितीही मोठा असो. मोठ्या गटापुढची चांगली व्याख्यानं जरूर ऐकावीत, पण तिथे आपल्या कवितेवर काम होईल ही अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक गोष्ट तपासा. काही ठिकाणी कार्यशाळेच्या फीला 'प्रातिनिधिक काव्यसंग्रह' जोडलेला असतो: इतके रुपये भरा, तुमच्या दोन कविता छापू, अमुक प्रती तुम्ही विकत घ्या. छापून आलेलं नाव बघण्याचा आनंद मला पूर्ण समजतो, पण तो खर्च शिकण्याचा नाही, छपाईचा आहे. पैसे भरायचेच असतील तर कवितेचे हक्क कुणाकडे राहणार हे लेखी घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका.

सगळ्यांत चांगली कविता सोबत नेणं

जी कविता जमली आहे तिला कार्यशाळेची गरज नाही. अडलेली न्या. पहिली तीन कडवी उतरली आणि चौथं येईना, किंवा शेवट झालाय पण काहीतरी खोटं वाटतंय, अशी. मात्र कालच्या रात्री सुचलेली, शाईही न वाळलेली कविता नेऊ नका. तिच्यावर साधी सूचनासुद्धा सोसवत नाही आणि मग चर्चा कवितेची न राहता तुमची होते.

नेताना छापील प्रती न्या, प्रत्येकासाठी एक, ओळींना क्रमांक घातलेल्या. मोबाइलवरून वाचलेली कविता ऐकणाऱ्याच्या हातात राहत नाही. मग 'ती मधली नदीची ओळ होती ना' इथपासून सुरुवात होते. 'सातवी ओळ' म्हणता आलं की चर्चा नेमकी होते.

वाचण्याआधी प्रस्तावना, आणि वाचताना चाल

'ही कविता मला आजी गेली तेव्हा सुचली' असं सांगून वाचायला लागलात की संपलं. आता कुणी काही बोलणार नाही. आजीबद्दल सगळ्यांना वाईट वाटेल आणि कविता तपासायची राहून जाईल. जे कवितेत नाही ते तुम्ही तोंडानं भरताय. वाचक घरी कविता वाचेल तेव्हा तुम्ही शेजारी बसलेले नसाल.

चालीत म्हणण्याचंही तसंच आहे. तरन्नुममध्ये गझल गाणं ही मोठी कला आहे आणि मुशायऱ्यात ती शोभते. कार्यशाळेत मात्र चाल दोष लपवते. उदाहरणार्थ, भुजंगप्रयात वृत्तातली ही साधी ओळ घ्या. लगागा चार वेळा, बारा अक्षरं ('ल' म्हणजे लघू, आखूड उच्चाराचं एका मात्रेचं अक्षर; 'गा' म्हणजे गुरू, लांब उच्चाराचं दोन मात्रांचं):

नदीच्या किनारी जुने गाव माझे

नदीच्या, किनारी, जुने गा, व माझे. बरोबर बसते. आता कुणी लिहिलं, 'नदीच्या काठावर जुने गाव माझे'. अक्षरं तेरा झाली, आणि चौथं अक्षर लघू हवं तिथे 'का' हा गुरू आला. गाताना 'का' चटकन म्हणून टाकता येतो, 'वर' गिळता येतो, कुणाला कळतही नाही. सपाट, बोलल्यासारखं वाचलं की कान लगेच अडखळतो. म्हणून कार्यशाळेत कविता सपाट वाचावी. शक्य असेल तर दुसऱ्याला वाचायला द्यावी. तो जिथे थांबतो, मागे येतो, पुन्हा सुरू करतो, तिथे पेन्सिलनं खूण करा. दिवसभराच्या चर्चेत मिळणार नाही एवढी माहिती त्या खुणांमध्ये असते.

वृत्त जमलं म्हणजे ओळ जमली असं समजणं

वरच्या ओळीच्या जोडीला दुसरी ओळ आली अशी समजा:

तिथे वाट पाहे कुणी आज माझी

लगावली, म्हणजे ल आणि गा यांचा क्रम, निर्दोष आहे. पण 'आज' इथे काय करतोय? कालही कुणी वाट पाहत होतं, उद्याही पाहील. तो शब्द दोन मात्रा आणि एक मात्रा भरायला आलाय. 'कुणी'सुद्धा तसाच, कवीला ते कोण आहे हे अजून दिसलेलं नाही. आणि 'माझे'च्या पाठोपाठ 'माझी'. चांगला मार्गदर्शक इथे बोट ठेवतो आणि विचारतो, 'गावात गेल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय दिसतं?' मग ओळ अशी होऊ शकते:

तिथे वाट पाहे झुला ओसरीचा

वृत्त तेच, अक्षरं तेवढीच. माणूस नाही, पण आता घर दिसलं. वृत्त शिकवणाऱ्या कार्यशाळांत बहुतेकांचं लक्ष ल आणि गा मोजण्यातच अडकतं. मोजणी यायलाच हवी, तिला पर्याय नाही. पण मोजून झाल्यावर प्रत्येक शब्दाला 'तू इथे कशाला?' हा प्रश्न विचारायची शिस्त त्याहून कमी शिकवली जाते. शिबिरात ती मागून घ्या.

गझलेच्या कार्यशाळेला जाणाऱ्यांनी मतला (गझलेचा पहिला, दोन ओळींचा शेर), काफिया (यमकाचा शब्द), रदीफ (काफियानंतर जसाच्या तसा येणारा शब्द), अलामत (काफियात यमकाच्या अक्षराआधी कायम राहणारा स्वर) या गोष्टी घरून वाचून जाव्यात. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' छोटीशी आहे, एका बैठकीत वाचून होते. ती न वाचता गेलात तर अर्धा दिवस अलामत म्हणजे काय हे समजून घेण्यातच जाईल. एक नेहमीची अडचण सांगते. मतल्यात 'पिसारा' आणि 'पसारा' असे दोन काफिये घेतले की कान 'सारा'ची वाट पाहायला लागतो. पुढच्या शेरात 'किनारा' आला की ठेच लागते. मतल्यातच 'पिसारा' आणि 'किनारा' घेतले असते तर 'निवारा', 'इशारा', 'शहारा' अशी सगळी वाट मोकळी राहिली असती. गझल अडली की पाचवा शेर दुरुस्त करत बसण्याआधी मतला तपासा.

आपल्या कवितेची वकिली करणं

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६पासून लेखन कार्यशाळा चालते. ज्याच्या लेखनावर चर्चा चालू आहे त्यानं तेवढा वेळ गप्प बसायचं, ही पद्धत अशा कार्यशाळांमधून जगभर पसरली. तिच्यावर टीकाही झाली आहे, आणि ती रास्त आहे: आपल्या बोलीतला, आपल्या समाजातला संदर्भ समोरच्यांना माहीतच नसेल तर कवीनं तोंड शिवून का बसावं? वऱ्हाडीतल्या किंवा आगरीतल्या कवितेला 'हे शब्द प्रमाणभाषेत घ्या' असा सल्ला मिळतो तेव्हा बोललंच पाहिजे.

तरीही पहिली दहा मिनिटं गप्प बसावं, असं माझं ठाम मत आहे. 'नाही, मला तिथे असं म्हणायचं होतं' हे वाक्य जिभेवर आलं की ते वहीत लिहा. बहुतेक वेळा त्या वाक्यातच कवितेची हरवलेली ओळ असते.

दुसऱ्याच्या कवितेवर बोलतानाही हाच धर्म पाळा. 'छान', 'मनाला भिडली', 'अप्रतिम' हे ऐकून कवी घरी काय करणार? आणि 'याला कविता म्हणत नाहीत' हे ऐकूनही काय करणार? मला चौथ्या ओळीपर्यंत चित्र दिसत होतं, पाचवीत हरवलं, एवढंच सांगा. नवोदितांना सगळ्यांसमोर फाडून काढणं म्हणजे परखडपणा, असा एक समज काही ज्येष्ठांनी उराशी धरला आहे. त्यापायी चांगलं लिहू शकणारी मुलं-मुली लिहायची थांबलेली आहेत. अशा ठिकाणाहून मधल्या सुट्टीत निघून आलात तरी काही बिघडत नाही.

त्याच रात्री सगळं बदलून टाकणं

चर्चेत आठ जणांनी आठ गोष्टी सांगितल्या आणि रात्री खोलीवर बसून आठही सूचना कवितेत घातल्या, तर सकाळी ती कुणाचीच राहत नाही. आठवडाभर थांबा. मग टिपणं काढा आणि बघा की दोघे-तिघे एकाच जागी अडखळले का. अडखळले असतील तर तिथे दोष आहेच. पण त्यांनी सुचवलेला उपाय घ्यायलाच हवा असं नाही. दुखतंय कुठे हे वाचकाला कळतं, औषध कवीनंच शोधायचं. एखाद्या शब्दाबद्दल एकट्यानंच नाक मुरडलं असेल तर तो शब्द राहू द्यायला हरकत नाही.

एकांत मिळाला की लेखन होईल असं धरून चालणं

चार दिवस कुठेतरी जाऊन लिहायचं, याला आता रिट्रीट म्हणतात. त्यातली पहिली चूक जागा निवडण्यात होते. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार हे २०१७पासून 'पुस्तकांचं गाव' आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, वाटेल तिथे बसून वाचा. जागा सुंदर आहे, पण वाचायला. लिहिण्याच्या कामासाठी गेलात आणि हजार पुस्तकांमध्ये बसलात तर वाचनच होणार. शिवाय शनिवार-रविवारी आणि स्ट्रॉबेरीच्या हंगामात त्या रस्त्याला गाड्यांची रांग असते. भर जुलैत महाबळेश्वर गाठण्याची कल्पना कवितेत छान वाटते. प्रत्यक्षात तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वीज जाते, कपडे वाळत नाहीत आणि कागदाला ओल येते.

कोकणात मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. १८६६ साली ते जन्मले ते हे गाव. तिथे जावं, जरूर जावं. फक्त गणपतीपुळे जवळच आहे, तेव्हा अंगारकी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळून तारखा ठरवा.

दुसरी चूक बेताची. 'चार दिवसांत संग्रह पूर्ण करणार' असं ठरवून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी हताश होतो. पहिला दिवस प्रवासाचा शीण, नवी गादी आणि सवयीची नसलेली शांतता यांतच जातो. तो जाणारच. त्या दिवशी नवं लिहू नका, जुन्या वहीतल्या सुटलेल्या ओळी स्वच्छ कागदावर उतरवून काढा. कवितेला पानांचं उद्दिष्ट ठरवता येत नाही, बसण्याची वेळ ठरवता येते. सकाळचे तीन तास टेबलाशी, दुपारी चालणं, संध्याकाळी सकाळचं लिहिलेलं मोठ्यानं वाचणं. एवढं पुरे.

बायकांना इथे वेगळी अडचण येते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. घर सोडून 'नुसतं लिहायला' जाणं घरच्यांना पटवावं लागतं आणि पटल्यावरही दर तासाला फोन येतो: डाळ कुठे आहे, गॅसवाला कधी येणार, मुलाचा डबा काय. निघण्याआधी फोनची एकच वेळ ठरवा, रात्री साडेआठची म्हणा, आणि ती सगळ्यांना तोंडावर सांगा. कागदावर यादी लिहून फ्रिजला लावा. पहिल्या दिवशी अपराधी वाटतं, ते खरंच आहे, पण त्यावर फोन चालू ठेवणं हा उपाय नाही.

जाणं जमत नसेल तर गावातल्या वाचनालयाची अभ्यासिका बघा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं आहे, आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही वाचनालय सापडतं. स्पर्धा परीक्षेची मुलं शेजारी खाली मान घालून बसलेली असतात, आणि तिथल्या शांततेत दोन तासांत पुष्कळ होतं.

परतल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर भिस्त ठेवणं

कार्यशाळा संपताना ग्रुप तयार होतो. पंधरा दिवस कविता येतात, मग अंगठे आणि फुलं, मग सुप्रभात. दुरुस्त झालेली कविता तिथे किंवा फेसबुकवर टाकण्याची घाई करू नका. बरीच मासिकं आणि दिवाळी अंक अप्रकाशित साहित्य मागतात आणि दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते.

ग्रुपमधले तिघे-चौघे, ज्यांनी तुमची कविता नीट वाचली होती, तेवढे निवडा आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटा. १९२३ साली पुण्यात जमलेलं रविकिरण मंडळ म्हणजे सुरुवातीला एवढंच होतं: माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमाबाई रानडे अशी मोजकी मंडळी एकत्र बसून एकमेकांच्या कविता वाचत आणि त्यांवर बोलत. भेटीचा वार पक्का ठेवा, दर वेळी एकाचीच कविता घ्या, तिच्या प्रती दोन दिवस आधी सगळ्यांच्या हातात पोचू द्या, आणि पुढच्या खेपेला कुणाची पाळी आहे हे उठण्यापूर्वी ठरवून टाका.