प्युअर डेटामध्ये अ‍ॅरेच्या किमती हद्दीत कशा ठेवायच्या

प्युअर डेटा हे चौकटी वायरींनी जोडून आवाजाचे प्रोग्रॅम, म्हणजे पॅच, बनवायचं सॉफ्टवेअर, आणि अ‍ॅरे म्हणजे त्यातला ओळीने साठवलेल्या किमतींचा तक्ता. त्यात नवा अ‍ॅरे टाकला की ग्राफच्या प्रॉपर्टीजमध्ये वाय रेंज १ ते -१ दिसते, आणि यापलीकडे किंमत जाणारच नाही असा समज होतो. प्रत्यक्षात ती रेंज फक्त चित्र कुठून कुठपर्यंत दाखवायचं ते ठरवते. माउसने रेघ ओढता ओढता चौकटीच्या वर गेलात तर किंमत १.३, १.८ अशी बिनदिक्कत चढत जाते. डिलेच्या (प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टच्या) फीडबॅकला, म्हणजे आवाज किती प्रमाणात परत आत पाठवायचा त्या आकड्याला, अ‍ॅरे जोडलेला असेल तर हे महागात पडतं. फीडबॅक १ वर अडकला की प्रतिध्वनी विरतच नाही, त्याच्या वर गेला की दर फेरीला आवाज फुगतो. कानाला हेडफोन असतील तर विचारूच नका.

उदाहरण म्हणून फीडबॅकसाठी १६ पायऱ्यांचा अ‍ॅरे घेऊ आणि किमती ० ते ०.९ मध्ये ठेवू. (ऑब्जेक्टची, म्हणजे चौकोनी कंसातल्या चौकटींची, नावं इथे देवनागरीत आहेत, पॅचमध्ये ती रोमन लिपीत टाइप करा.) पुट मेन्यूतून अ‍ॅरे घ्या, नाव फीडबॅक, आकार १६. मग ग्राफच्या प्रॉपर्टीजमध्ये वाय रेंज ०.९ ते ० करा, म्हणजे निदान डोळ्यांना हद्द दिसेल.

वाचताना लगाम घाला

हे सगळ्यात आधी करा, बाकीचं जमलं तर. किंमत वाचणाऱ्या [टॅबरीड फीडबॅक] च्या आउटलेटला (खालच्या, किंमत बाहेर पडायच्या टोकाला) हद्दीबाहेरची किंमत हद्दीवर आणणारा [क्लिप ० ०.९] जोडा आणि पुढची वायर क्लिपमधूनच काढा. अ‍ॅरेत कोणी काहीही रेखाटलं तरी डिलेपर्यंत ०.९ च्या वर काही पोचत नाही. ऑडिओ सिग्नलसाठी हेच काम [क्लिप~] करतो.

इथे दोन चुका हमखास होतात. प्रॉपर्टीजमध्ये वरची हद्द आधी लिहितात, म्हणून हात तसाच वळतो आणि [क्लिप ०.९ ०] लिहिलं जातं. क्लिपला खालची हद्द आधी लागते. उलट लिहिलंत तर ०.९ च्या खालची प्रत्येक किंमत ०.९ होऊन बाहेर पडते आणि पॅच बिघडल्यासारखा वाटतो. दुसरी चूक म्हणजे आकडे न देता नुसतं [क्लिप] लिहिणं. मग दोन्ही हद्दी शून्य धरल्या जातात आणि बाहेर फक्त शून्यच येतं.

लिहिताना

अ‍ॅरे पॅचमधून भरत असाल तर किंमत लिहिणाऱ्या [टॅबराइट फीडबॅक] च्या डाव्या इनलेटआधी (इनलेट म्हणजे वरचं, किंमत आत घेणारं टोक) [क्लिप ० ०.९] ठेवा. उजव्या इनलेटला घराचा क्रमांक जातो, त्याला हात लावू नका. रेकॉर्डिंग असेल तर [टॅबराइट~] च्या आधी [क्लिप~ -१ १]. मात्र माउसने काढलेली रेघ टॅबराइटमधून जातच नाही, त्यामुळे एवढ्यावर विसंबून चालत नाही.

आधीच भरलेला अ‍ॅरे साफ करणं

प्रॉपर्टीजमध्ये सेव्ह कंटेंट्स चालू असेल तर भलत्या किमतीही पॅचसोबत जतन होतात. त्या काढायला छोटा लूप लागतो:

१. बँगला ('चालू हो' असा इशारा देणाऱ्या बटणाला) [टी बी बी] जोडा, तो इशारा क्रमाने दोन वाटांनी पाठवतो. त्याचा उजवा आउटलेट आधी चालतो. त्यातून [०( संदेश आकडा लक्षात ठेवणाऱ्या [एफ] च्या उजव्या इनलेटला द्या, म्हणजे मोजणी शून्यापासून सुरू होईल.

२. डाव्या आउटलेटमधून [अ‍ॅरे साइझ फीडबॅक], त्यातून [अनटिल], आणि अनटिलमधून [एफ] चा डावा इनलेट. अनटिलला आकडा मिळाला की तो तेवढ्याच फेऱ्या करून थांबतो. नुसता बँग दिलात आणि थांबवायची सोय नसली तर प्युअर डेटा गोठतो आणि न जतन केलेलं काम जातं.

३. [एफ] चा आउटलेट [+ १] ला आणि तिथून परत [एफ] च्या उजव्या इनलेटला जोडा.

४. तोच आउटलेट [टी एफ एफ] लाही न्या. उजवी वायर थेट टॅबराइटच्या उजव्या इनलेटला. डावी वायर टॅबरीड, मग [क्लिप ० ०.९], मग टॅबराइटचा डावा इनलेट. क्रमांक किमतीआधी पोचलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक किंमत शेजारच्या घरात जाऊन बसते.

हा लूप [लोडबँग] ला जोडला की पॅच उघडताच अ‍ॅरे साफ होतो. १६-१०० घरांच्या अ‍ॅरेसाठी [मेट्रो २००] (दर २०० मिलिसेकंदांनी बँग) लावून तो सतत चालू ठेवला तरी हरकत नाही. हद्दीबाहेर नेलेली रेघ लगेच खाली येते. लाखभर सॅम्पलच्या अ‍ॅरेवर मात्र तो डीएसपी (ऑडिओची प्रक्रिया) बंद असतानाच चालवा, कारण सगळ्या फेऱ्या एका दमात होतात आणि आवाज तुटू शकतो.

नॉर्मलाइझ कधी

रेकॉर्डिंगचं शिखर १.६ वर गेलं असेल तर क्लिप माथा सपाट कापतो आणि खरखर येते. तिथे अ‍ॅरेला [नॉर्मलाइझ १( संदेश पाठवा: संदेशातून [सेंड] आणि त्याला अ‍ॅरेचं नाव. सगळ्या किमती एकाच प्रमाणात बदलतात, आकार तसाच राहतो. पण हलकं रेकॉर्डिंगही तो वर उचलतो, आणि ऋण किमती ऋणच ठेवतो. आपल्या फीडबॅकच्या अ‍ॅरेला हा मार्ग चालणार नाही: सगळ्या पायऱ्या ०.३ च्या आत ठेवल्या असतील तर त्या मुकाट ताणल्या जातील. नावात $०- (पॅचच्या प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक देणारी खूण) वापरलं असेल तर ते सेंड ऑब्जेक्टमध्येच लिहा, संदेशाच्या चौकटीत $० ला काही अर्थ उरत नाही.

सगळं करूनही मीटर १ ओलांडतो?

[टॅबरीड४~] चार बिंदूंवरून मधली किंमत काढतो. लागोपाठ ०, १, १, ० अशा किमती असतील तर दोन १ च्या बरोबर मध्ये तो १.१२५ देतो. अ‍ॅरे निर्दोष, तरी बाहेर पडणारा सिग्नल हद्दीबाहेर. म्हणून [क्लिप~] नेहमी टॅबरीड४~ च्या नंतर लावा, किंवा अ‍ॅरेचं शिखरच ०.८ च्या आत ठेवा.