दारू सुटल्यानंतरचं घर: आपल्या माणसाला साथ कशी द्यावी

दारू सोडायचं ठरलं की आपल्याकडे आधी शपथ आठवते. कुणी सप्तशृंगीच्या गडावर घेऊन जातं, कुणी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या दारात माळ घालायला लावतं. श्रद्धेचा आधार मोठा असतो, तो जरूर घ्यावा. पण रोज पिणाऱ्याची दारू शपथेवर एका दिवसात तोडू नका. आधी डॉक्टर, मग गड.

पहिला आठवडा डॉक्टरांचा

रोजच्या दारूची शरीराला सवय झालेली असते. ती अचानक थांबली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, आपण कुठे आहोत हेही कळत नाही. ही बाहेरची बाधा नव्हे. यात जीव जाऊ शकतो, म्हणून लगेच १०८ ला फोन करा.

उपचारात डॉक्टर गोळ्या देतात आणि त्या टप्प्याटप्प्याने कमी करतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होते. नाशिकला त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते. सल्ला हवा असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा, दोन्ही मोफत आहेत.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं झालं तर आधी स्वतः जाऊन बघा. नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. मारहाण करून किंवा बांधून ठेवून 'सुधारणाऱ्या' ठिकाणी आपलं माणूस सोडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाचे रुग्णही येतात आणि त्यांना अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे.

चोरून औषध नको

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतीभिंतीवर दिसतात. वरणात पूड कालवणाऱ्या माऊलीची तळमळ मला समजते, तरी हे करू नका. डायसल्फिरामसारखी गोळी पोटात असताना दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यूही येतो. ही गोळी घेणाऱ्याला माहीत असूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते.

पहारा सोडा

घराची खरी परीक्षा इथून पुढे आहे. तो पाचशेची नोट घेऊन भाजीला जातो, वीस मिनिटं उशीर होतो. दार उघडताना बायको श्वास हुंगते, आई पिशवीआधी उरलेले पैसे मोजते, मुलगा बापाच्या गाडीची डिकी उघडून बघतो. त्याने फक्त मेथी आणलेली असते. रोज असं झालं की त्याच्या मनात येतं, संशय घेताच आहात तर मग पितोच.

संशय एकदम जाणार नाही, वर्षानुवर्षांच्या थापा तुम्ही ऐकल्या आहेत. म्हणून चौकशीचे नियम आधीच, दोघं शांत असताना, सकाळी चहाला बसून ठरवा. गोळी सगळ्यांसमोर घ्यायची, फॉलोअपला एकाने सोबत जायचं, पहिले काही महिने पगाराचा हिशोब दोघांनी मिळून लिहायचा. यापलीकडे झडती नाही. आणि कामं परत त्याच्या हाती द्या: वीजबिल, मुलांची शाळा, आजीचा दवाखाना. तो पीत असताना ती सगळी तुम्ही अंगावर घेतली होती. कंपनीत 'तापाने पडलेत' असं खोटं सांगणं आणि उधारी फेडणं मात्र आजच बंद करा.

पिणारी बाई असेल तर घर ते लपवण्यातच शक्ती घालवतं. तिलाही हेच उपचार लागतात, तेवढ्याच उघडपणे.

सण, पाहुणे आणि वायनरी

गटारी, वरात, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), हुरडा पार्टी हे दिवस आधीच कॅलेंडरवर हेरून ठेवा. जायचंच असेल तर लवकर जा, सोबत जा, आणि निघायचं कधी ते ठरवून जा. मुंबईचे पाहुणे आले की वायनरी बघायचा आग्रह होतोच. 'वाइन म्हणजे काय, द्राक्षाचा रसच' असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यातही अल्कोहोलच असतं. पाहुण्यांना मिसळ खाऊ घाला, पांडवलेणी दाखवा.

घसरला तर

पुन्हा पिणं या आजारात बऱ्याचदा घडतं. प्यायलेल्या माणसाशी त्या रात्री वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी 'सगळं पाण्यात गेलं' म्हणण्याऐवजी विचारा: तलफ कधी आली, कोण भेटलं होतं, गोळी चुकली होती का? त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना कळवा. हात उगारला गेला तर मात्र समजूत घालत बसू नका, मुलांना घेऊन बाहेर पडा. ११२ पोलिसांसाठी, १८१ महिलांसाठी.

तुमचं काय?

तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या मीटिंगला जातो तशा घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंग असतात. तिथे तो पितो की नाही हे कुणी विचारत नाही, तुम्ही कशा आहात ते ऐकतात. तो अजून पीत असेल, उपचाराला नाही म्हणत असेल, तरीही तुम्ही जाऊ शकता.