जुन्या पद्मिनीचे ब्रेक पाइप: खरे काम टोकाचे

एकेरी मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबताच चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या एकाच पंपाच्या) जुन्या प्रीमिअर पद्मिनीत एक पाइप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून गंजलेला तेवढाच भाग कापून मधे जोड बसवण्याचा सल्ला ऐकू नये, तो पाइप पूर्णच बदलावा. एसी दुरुस्तीच्या दुकानातली तांब्याची नळी स्वस्त मिळते, परंतु सततच्या हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते. त्याऐवजी ब्रेकसाठी बनवलेली, 4.75 मिमी बाहेरील व्यासाची तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्यावी.

जुना पाइप न मोडता काढावा व त्यावरून लांबी घ्यावी. नटांचे आटेही जुन्याशी ताडून पाहावेत, कारण 10 मिमी आणि 3/8 इंची नट दिसायला जवळजवळ सारखे असतात.

आता फ्लेअर, म्हणजे जोडात घट्ट बसावे म्हणून आकार दिलेले नळीचे टोक. जुने टोक पुसून पाहावे: ते नरसाळ्यासारखे उघडलेले असेल तर दुहेरी फ्लेअर, फुगीर असेल तर बबल, एकाच्या जागी दुसरा कदापि चालत नाही. दुहेरी फ्लेअरसाठी नळी पाइप-कटरने काटकोनात कापून आतली-बाहेरची धार काढावी आणि नट आधीच ओवून ठेवावा, हे सर्वांना माहीत असूनही सर्वजण विसरतात. नळी डायच्या (ती घट्ट धरणाऱ्या साच्याच्या) वर अडॅप्टरच्या (कड आत दुमडणाऱ्या बटणासारख्या तुकड्याच्या) खांद्याच्या उंचीइतकीच ठेवावी. फ्लेअर बिघडतो तो बहुधा दाब देताना नळी खाली सरकल्यामुळे. म्हणून डायमध्ये धरला जाणारा भाग कोरडा ठेवून केवळ अडॅप्टरच्या टोकाला ब्रेक ऑइल लावावे. ग्रीस मुळीच नको, त्याने सिलिंडरची रबरे फुगतात. अडॅप्टरने कड आत दुमडल्यावरच शंकूने ती 45 अंशांत उघडावी. कड न दुमडता केलेला एकेरी फ्लेअर पुरेसा असल्याचे सांगणाऱ्या मेकॅनिककडे ब्रेकचे काम देऊ नये. टोक तिरके किंवा तडकलेले दिसल्यास कापून पुन्हा करावे. त्यासाठीच नळी थोडी लांब ठेवावी.

वळणे जुन्या पाइपप्रमाणे द्यावीत, क्लिपा सगळ्या लावाव्यात. नट आधी हाताने फिरवून मगच पाना लावावा. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळणे निव्वळ अज्ञान आहे, कारण गळती फ्लेअर रोखतो, आटे नव्हेत.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून ब्रेकच्या पाइपांतली हवा काढावी, रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे, आणि सहकाऱ्याने पेडल जोरात दाबून धरलेले असताना प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. कागद ओला झाल्यास नट आणखी आवळत बसू नये. जोड सोडून फ्लेअर तपासावा.