आधी खाऊ ठरवा, मग डबा : ईस्टरसाठी कागदकाम

एका वर्षी ईस्टरला आम्ही पांढऱ्याशुभ्र कार्डशीटचे बारा डबे केले. वर कागदाची लिली, आत कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई. सकाळी प्रार्थनेहून आल्यावर शेजारी द्यायला उचलले, तर प्रत्येकाच्या बुडाला रुपयाएवढा तुपाचा डाग. दोघांचं बूड तर ओट्यावरच राहिलं. चूक कुंद्याची नव्हती. बेळगावात राहून कुंदा तुपकट असतो हे आम्हाला माहीत नव्हतं, असं थोडंच आहे! डब्याचं रूप बघत बसलो आणि आत काय जाणार ते विसरलो.

म्हणून कात्री हातात घेण्याआधी खाऊ पक्का करा. कुंदा आणि गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) यांना झाकणाचा, आतून अस्तर लावलेला डबा हवा. रंगवलेली अंडी, मार्झिपॅनची अंडी, चॉकलेट यांना उघडी टोपली चालते. भाजलेले काजू (खानापूर-चंदगडकडचे नवे काजू याच दिवसांत येतात) किंवा भडंग असेल तर पुडी उत्तम.

वेळेचंही बघा. ईस्टर दर वर्षी सरकतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीही. २०२६ मध्ये तो हनुमान जयंतीपाठोपाठ ५ एप्रिलला होता, २०२७ मध्ये होळीपाठोपाठ २८ मार्चला आहे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, बसलात तर बुधवारपर्यंत कापाकापी आटोपते. गुड फ्रायडेला आमच्याकडे कात्री-रंग काढत नाहीत. शनिवार फक्त भरायला ठेवायचा.

कागद

डब्यांना २०० ते २५० जीएसएमची (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घ्या. खडेबाजार, गणपत गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात सुटी मिळते. पण त्याआधी घरातला लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढा. आमच्या भागात एकाच पत्रिकेवर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि कागद असा जाडजूड की बघत राहावं. कोरी बाजू बाहेर ठेवली की झकास डबा होतो. गणपतीचं चित्र असलेला भाग मात्र आधी कापून नीट बाजूला ठेवा. तो खोक्याच्या बुडाला जाणं बरं दिसत नाही.

वर्तमानपत्र अस्तराला नको. छपाईची शाई खाण्याला लागते, आणि २०१८ च्या अन्न वेष्टन नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाईच केली आहे. बटर पेपर घ्या. त्याच दिवशी वाटणार असाल तर केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ केलेलं चालतं, दिसतंही सुंदर.

आकाशकंदिलाला आपण मैद्याची खळ करतो, ती इथे फक्त पातळ कागदाला. कार्डशीट खळीने फुगते. आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची सवय असेल तर ती खाऊच्या डब्याजवळ फिरकूही देऊ नका, मोरचूद विषारी असतं. डब्यांना फेविकॉल, तोही काडीने लावलेला पातळ थर.

झाकणाचा डबा

ए-फोर कार्डशीटच्या एका तुकड्यातून डबा आणि झाकण दोन्ही निघतात. पण मापं अशीच घ्यावी लागतात, कारण अर्धा सेंटिमीटर जास्त झालं की कागद पुरत नाही.

१. डब्यासाठी १५ सेंटिमीटरचा चौरस कापा, झाकणासाठी १४.३ चा. दोन्ही लांबीत एकापुढे एक बसतात.

२. डब्याच्या चौरसाला चारही कडांपासून साडेतीन सेंटिमीटर आत रेघा मारा. मध्ये ८ सेंटिमीटरचा तळ उरेल. झाकणाला ३ सेंटिमीटर आत रेघा मारा, तळ ८.३ चा होईल. हे तीन मिलिमीटर म्हणजेच झाकण बसणं न बसणं.

३. शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घेऊन प्रत्येक रेघ दाबून ओढा. कंटाळा आला तरी हे सोडू नका. न दाबता दुमडलेली कार्डशीट घडीवर तडकते आणि डब्याला म्हातारपण येतं.

४. समोरासमोरच्या दोन कडांवरून, रेघांवर, कोपऱ्यातल्या चौकोनापुरतंच कापा. एकूण चार काप. भिंती उभ्या करा, सुटलेले चौकोन आत वळवून चिकटवा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दहा मिनिटं धरा.

बाजूला सहा सेंटिमीटरची पट्टी उरते. ती टाकू नका.

टोपली

१८ सेंटिमीटरचा चौरस घ्या, त्यात ६ सेंटिमीटरची नऊ घरं आखा, रेघा दाबा. वरच्या कडेवरून दोन आणि खालच्या कडेवरून दोन काप, प्रत्येक ६ सेंटिमीटर. बाजूच्या भिंती उभ्या केल्या की टोकाचे तीन-तीन चौकोन एकमेकांवर येतात. ते एकावर एक चिकटवले की भिंत तिप्पट जाड होते, म्हणून ही टोपली मुलांच्या हातातही टिकते. उरलेल्या पट्टीतून २० बाय २ सेंटिमीटरचं हँडल काढा, दोन्ही टोकं तीन-तीन सेंटिमीटर आतून चिकटवा. हिरव्या घोटीव कागदाच्या बारीक पट्ट्या चुरगाळून तळाला गवत करा. त्यावर एक उकडलेलं अंडं ऐटीत बसतं. दोन कोंबू नका.

अंडीच का, हे मुलं विचारतातच. युरोपात मध्ययुगात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना ते कोण सांगणार? त्यामुळे ईस्टरला घरात अंड्यांचा ढीग साचलेला असे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. घरी लालसर तपकिरी रंग हवा तर कांद्याची टरफलं आणि चमचाभर व्हिनेगर घालून अंडी उकडा. हळदीने पिवळी होतात.

गाजराची पुडी

सशाचा बायबलशी काही संबंध नाही, तो जर्मनीकडच्या लोकपरंपरेतून आला. पण मुलांना तो हवाच, मग त्याचं गाजरही आलं. १८ सेंटिमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाचा नारिंगी तुकडा कापा, शेंगदाणेवाला गुंडाळतो तशी पुडी वळा, दीड सेंटिमीटर कड एकमेकांवर घेऊन चिकटवा. काजू भरा, तोंडाशी हिरवा क्रेप कागद खोचून दोऱ्याने बांधा. पाच मिनिटांचं काम.

दारावर अंड्यांचं तोरण

पाच अंड्यांचं तोरण साधारण तीन फुटी दाराला पुरतं. एका अंड्याला ५ बाय ७ सेंटिमीटरचे आठ आकार लागतात. ए-फोर घोटीव कागदातून सोळा निघतात. कागद चार पदरी दुमडून एकदम कापा.

आता जिथे सगळे चुकतात ते. घोटीव कागद एका बाजूने पांढरा असतो. प्रत्येक आकार उभा दुमडताना रंगीत बाजू आत घ्या. मग शेजारच्या दोन आकारांच्या पांढऱ्या पाठी एकमेकांना चिकटतात आणि बाहेर सगळा रंग दिसतो. उलट दुमडलंत तर रंग पोटात आणि पांढरी अंडी दारात. आठही जोडून झाले की मधल्या कण्यात दोरा ठेवून फेविकॉलचा थेंब द्या. अंडी १५ सेंटिमीटरच्या अंतराने लटकवा.

शेवटची जोड मात्र फेविकॉलने मिटवू नका, सेलोटेपचा छोटा तुकडा लावा. दोन कारणं. एक म्हणजे वळीव. एप्रिलमधल्या दुपारी बेळगावात आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही, आणि ओला घोटीव कागद रंग सोडतो. आमच्या उंबऱ्यावर गुलाबी ठिपके अजून आहेत. तोरण पटकन उतरवता यावं, शक्यतो आतल्या चौकटीलाच बांधावं. दुसरं म्हणजे टेप सोडली की अंडं पुस्तकासारखं मिटतं. मिटलेली पाच अंडी पाकिटात घालून माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात ठेवा, पुढच्या वर्षी फक्त टेप नवी लागते.